स्वयंपाकघरातील टेबलापासून हृदयापर्यंत : डॉ. आंद्रियास ग्रुंत्सिग



स्मरणिकेच्या या पानांवर आज मी ज्यांची ओळख तुम्हांला करून देणार आहे, ते ना राजे होते, ना सेनापती, ना पुढारी. ते एक डॉक्टर होते. वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आपल्या घराघरांत त्यांचे काम पोहोचले असूनही नाव मात्र पोहोचलेले नाही. तुमच्या नात्यात किंवा शेजारीपाजारी कोणाच्या तरी हृदयाची अँजिओप्लास्टी झाली असेल, स्टेंट बसवला असेल. मग या डॉक्टरांचे थोडेसे ऋण तुमच्याही घरावर आहे असे समजा.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो. आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांना एका पहाटे छातीत कळ आली. पित्त असेल म्हणून घरच्यांनी तास-दीड तास वाट पाहिली. घाम थांबेना, डावा हात भरून आला, तेव्हा त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. हृदयविकाराचा झटका असल्याचे निदान झाले आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यात आले. घरच्यांना हायसे वाटले. परंतु दीड तासाने पुन्हा हृदयाचा आलेख काढला तेव्हा त्यात म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही आणि कळही थांबली नव्हती. डॉक्टरांनी रुग्णाला ताबडतोब मोठ्या शहरात हलवण्यास सांगितले. येथे घरच्यांत वाद सुरू झाला. इंजेक्शन तर दिले आहे, आता आणखी कशाला, प्रवासात काही बरेवाईट झाले तर, पैशाचे काय, असे प्रश्न निघाले. यात चाळीस मिनिटे गेली. अखेर रुग्णाची पत्नी ठाम राहिली आणि गाडी निघाली. शहरात हृदयाच्या बंद पडलेल्या वाहिनीत फुगा फुगवून ती उघडण्यात आली, स्टेंट बसवण्यात आला, आणि तो गृहस्थ आज आपल्या दुकानात बसतो आहे.

पुढे तो मुलगा शाळेत आला तेव्हा त्याने मला विचारले की, सर, हृदयात फुगा घालण्याची ही युक्ती शोधून काढली कोणी? मला उत्तर देता आले नाही. शिक्षकाला उत्तर येत नसेल तर त्याने शोधावे, हा आपल्या धंद्याचा धर्म आहे. मी वाचू लागलो आणि जे हाती लागले ते इतके विलक्षण होते, की ते तुमच्यापुढे ठेवल्यावाचून राहवले नाही.

आंद्रियास ग्रुंत्सिग यांचा जन्म २५ जून १९३९ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी झाला. त्यानंतर सवादोन महिन्यांनी दुसरे महायुद्ध पेटले. वडील शाळेत विज्ञान शिकवीत. म्हणजे पाहा, हा मुलगा एका शिक्षकाचा होता. वडिलांना हवाई दलाच्या हवामान विभागात सक्तीने भरती करण्यात आले आणि युद्धाच्या अखेरीस ते जे नाहीसे झाले ते पुन्हा परतलेच नाहीत. आई, मोठा भाऊ योहान्नेस आणि लहानगा आंद्रियास एवढेच घर उरले. सॅक्सनी प्रांतातील रोखलिट्झ या लहान गावी त्यांनी युद्धाची वर्षे काढली. हरलेला देश, उद्ध्वस्त शहरे, कमावता पुरुष घरात नाही, अशा स्थितीत त्या माउलीने दोन मुलांना वाढवले. १९५० मध्ये दैव आजमावण्यासाठी हे कुटुंब समुद्र ओलांडून अर्जेंटिनातील ब्यूनॉस आयर्स येथे गेले. पण तेथे जीव रमला नाही आणि थोड्याच काळात ते परतून लाइपझिग शहरात राहू लागले. हा भाग तेव्हा साम्यवादी पूर्व जर्मनीत होता.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरात चणचण होती, घर दोनदा-तीनदा हलले होते, एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणे-येणे झाले होते. तरीही मुलांचे शिक्षण त्या आईने तुटू दिले नाही. लाइपझिगमधील थॉमस शाळा ही कित्येक शतकांची परंपरा असलेली नामांकित शाळा. तिथून आंद्रियास उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. पुढे बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वीच, म्हणजे १९६१ च्या आधी, तो पश्चिम जर्मनीत आला आणि हायडेलबर्ग विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करू लागला. १९६४ मध्ये तो डॉक्टर झाला. मोठा भाऊही डॉक्टरच झाला. एका विधवेच्या दोन्ही मुलांनी विद्येच्या बळावर घर उभे केले.

आता डॉ. ग्रुंत्सिग यांच्यापुढे कोणता प्रश्न होता हे समजण्यासाठी हृदयाची थोडी माहिती घेऊ. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते त्याला त्याच्याच पृष्ठभागावरून जाणाऱ्या धमन्यांतून मिळते. या धमन्या दोन-चार मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे साधारण शाईच्या कांडीएवढ्या असतात. वर्षानुवर्षे त्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. चालताना, जिना चढताना छाती दाटते ती त्यामुळे. एखादे दिवशी हा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट एकदम बंद होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. रक्त न मिळालेला स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

धमनीच्या आत जाण्याचे धाडस डॉक्टरांनी हळूहळू केले. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. त्या वेळी त्यांची थट्टा झाली. पण १९५६ मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांची छायाचित्रे काढण्याची रीत शोधली. १९६७ मध्ये तेथेच रेने फावालोरो यांनी पायातील शीर काढून ती हृदयाला जोडण्याची, म्हणजे बायपासची, शस्त्रक्रिया नावारूपाला आणली. आता रोग दिसू लागला होता आणि त्यावर उपायही होता. परंतु त्यासाठी छातीचे हाड उघडावे लागे.

याच सुमारास अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या डॉक्टरांनी निराळाच मार्ग धरला होता. जानेवारी १९६४ मध्ये ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची धमनी बंद होऊ लागली होती, पाय कापण्याची वेळ आली होती. डॉटर यांनी एकाहून एक जाड अशा नळ्या त्या धमनीतून सरकवून वाट मोकळी केली. पाय वाचला. तरीही त्यांच्याच देशातील बहुतेक शल्यविशारदांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांची कदर झाली ती युरोपात, आणि विशेषतः जर्मनीतील एबेरहार्ड झाइटलर या डॉक्टरांकडे.

पदवीनंतर काही वर्षे डॉ. ग्रुंत्सिग यांनी निरनिराळ्या रुग्णालयांत उमेदवारी केली. एका रुग्णाने त्यांना सहज विचारले म्हणतात की, घरातील पाण्याचा नळ तुंबला तर कारागीर तो आतून साफ करतो, तसे माझ्या रक्तवाहिनीचे का करता येत नाही? साध्या माणसाचा साधा प्रश्न! दुसरा एखादा डॉक्टर हसून पुढे गेला असता. ग्रुंत्सिग यांच्या मनात तो प्रश्न रुतून बसला. १९६९ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठाच्या रुग्णालयात रुजू झाले आणि पुढे झाइटलर यांच्याकडे जाऊन डॉटर यांची पद्धत शिकून आले.

शिकता शिकता त्यांना त्या पद्धतीतील उणीवही दिसली. जाड नळी ढकलत नेली तर ती जेथून आत शिरते तेथेही मोठे भोक पडते, आणि हृदयाच्या नाजूक, वळणदार धमनीत तर ती जाणेच अशक्य. त्यांनी विचार केला की, बारीक नळी आत न्यावी, तिच्या टोकाशी मिटलेला फुगा असावा, अडथळ्यापाशी पोहोचल्यावर तो फुगवावा आणि मिटवून परत काढावा. कल्पना सोपी वाटते. अडचण अशी की साधा रबरी फुगा शहाणा नसतो. जिथे दाब हवा तिथे तो दबतो आणि अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना मात्र फुगतो. त्यामुळे धमनी फाटण्याची भीती. हवा होता असा फुगा, जो ठरावीक जाडीपर्यंत लांबट फुगेल आणि त्यापुढे कितीही दाब दिला तरी तसूभरही वाढणार नाही.

असा फुगा कोणत्याही कारखान्यात मिळत नव्हता. मग डॉक्टरांनी तो स्वतःच करायचे ठरवले. कोठे? घरच्या स्वयंपाकघरात. दिवसभर रुग्णालयात काम आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातील टेबलावर नळ्या, कात्री, डिंक, दोरा यांचा पसारा. पत्नी मिकाएला, रुग्णालयातील सहकारी मारिया श्लुम्फ आणि तिचे पती वॉल्टर अशी ही चौघांची प्रयोगशाळा. फुग्याला आवर घालण्यासाठी भोवती रेशमाची जाळी लावून पाहिली, त्यासाठी बुटांच्या नाड्या करणाऱ्यांकडेही विचारणा केली. महिन्यांमागून महिने गेले. फुगे फुटत, गळत, वाकडे होत.

शेवटी ते झुरिकमधीलच रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक हाइनरिख होप्फ यांच्याकडे गेले. या वृद्ध विद्वानाने त्यांना पीव्हीसी या प्लॅस्टिकची ओळख करून दिली. हे प्लॅस्टिक तापवून आकार द्यावा, म्हणजे ते त्या आकारापुढे ताणले जात नाही. जाळीची गरजच उरली नाही. मित्रांनो, वैद्यकातील कोडे रसायनशास्त्राच्या शिक्षकाने सोडवले, हे विसरू नका. जो विषय परीक्षेपुरता वाटतो, तोच पुढे कोणाचा प्राण वाचवील हे सांगता येत नाही.

फेब्रुवारी १९७४ मध्ये या फुग्याने पायाच्या धमनीवर पहिला उपचार झाला आणि तो यशस्वी ठरला. पण ग्रुंत्सिग यांचे लक्ष हृदयाकडे होते. त्यांनी आणखी बारीक, दुहेरी मार्गाची नळी केली. एका मार्गाने फुगा फुगवायचा, दुसऱ्याने रक्ताचा दाब मोजायचा. १९७५ पासून त्यांनी कुत्र्यांच्या हृदयांवर प्रयोग केले. १९७६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मायामी येथील परिषदेत त्यांनी आपल्या प्रयोगांचा तक्ता भिंतीवर लावला. येणारे-जाणारे तज्ज्ञ पाहत आणि बहुतेक मान हलवून पुढे जात. धडधडत्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवणे त्यांना आत्मघातासारखे वाटे. थोड्यांना मात्र त्यात तथ्य दिसले. त्यांपैकी सॅन फ्रान्सिस्कोचे रिचर्ड मायलर यांच्यासह ग्रुंत्सिग यांनी मे १९७७ मध्ये, बायपास शस्त्रक्रिया चालू असताना उघड्या छातीत, ही नळी प्रथम माणसाच्या हृदयधमनीत वापरून पाहिली. धमनीतील थराचे कण सुटून पुढे वाहत जातील ही जी मोठी भीती होती, ती खरी ठरली नाही.

मग उजाडला १६ सप्टेंबर १९७७ चा दिवस. झुरिकच्या रुग्णालयात अवघ्या ३८ वर्षांचा एक गृहस्थ दाखल होता. त्याच्या हृदयाच्या पुढील बाजूच्या मुख्य धमनीत एकच, आखूड पण अतिशय अरुंद अडथळा होता. त्याला छाती उघडून घ्यायची नव्हती. ग्रुंत्सिग यांनी काहीही न लपवता त्याला समजावून सांगितले, की हा उपचार शुद्धीवर असलेल्या माणसावर अद्याप कोणावरही झालेला नाही. त्या गृहस्थाने संमती दिली. काही बिघडलेच तर ताबडतोब शस्त्रक्रिया करता यावी म्हणून विख्यात शल्यविशारद ओके सेनिंग यांचे पथक सज्ज होते. स्वतः शस्त्रक्रिया करणाऱ्या सेनिंग यांनी, आपले काम कमी करू पाहणाऱ्या या तरुणाला पाठबळ दिले, ही त्यांची थोरवी.

मांडीतील धमनीतून नळी आत गेली. फुगा अडथळ्यात शिरला. तो एकदा फुगवला, मिटवला. पुन्हा एकदा फुगवला, मिटवला. छातीत कळ आली नाही, हृदयाचा आलेख बिघडला नाही आणि अडथळ्यापलीकडचा रक्ताचा दाब वाढला. काम झाले होते! जमलेल्या मंडळींना आपण काय पाहिले यावर विश्वास बसेना. महिनाभराने पुन्हा छायाचित्र काढले तेव्हा धमनी उघडीच होती. तेवीस वर्षांनी, २००० मध्ये, तोच गृहस्थ पुन्हा तपासून घेण्यास आला, तेव्हाही ती जागा मोकळी होती.

आता या थोर पुरुषाचा जो गुण मला सर्वांत मोठा वाटतो, तो सांगतो. पहिल्या यशानंतर ते ढोल पिटीत फिरले नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात ३२ जणांत यश आले, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. म्हणजे १८ जणांत यश आले नव्हते, आणि पाच जणांवर तातडीने बायपास करावी लागली होती, हेही त्यांनी झाकले नाही. नवा शोध जगाला पटवायचा असताना स्वतःच्या अपयशाचे आकडे मांडण्यास मोठी छाती लागते. प्रगतिपुस्तकातील लाल शेरा वडिलांपासून लपवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा.

दुसरा गुण म्हणजे त्यांनी विद्या मुठीत ठेवली नाही. १९७८ पासून त्यांनी झुरिक येथे वर्ग सुरू केले. देशोदेशीचे डॉक्टर एका सभागृहात बसत आणि पलीकडच्या खोलीत प्रत्यक्ष चाललेला उपचार दूरदर्शनच्या पडद्यावर पाहत. काही चुकले तर ते सर्वांसमोर चुके. शिवाय प्रत्येक उपचाराची नोंद ठेवावी, रुग्णाचा पुढे अनेक वर्षे मागोवा घ्यावा, नीट शिकल्यावाचून कोणी हात घालू नये, असा त्यांचा आग्रह असे. झुरिकमध्ये त्यांनी १६९ रुग्णांवर हा उपचार केला. तेथे जागा व साधने अपुरी पडू लागली, तेव्हा १९८० मध्ये ते अमेरिकेतील अटलांटा शहरी एमरी विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्याकडे शिकण्यासाठी रीघ लागली.

मात्र हा उपचार परिपूर्ण नव्हता आणि ते त्यांनाही ठाऊक होते. फुग्याने रुंद केलेली धमनी कधी लगेच आत कोसळे, तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांत काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. यावर उपाय शोधण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. त्यांना स्वतः विमान चालवण्याचा नाद होता. रविवार, २७ ऑक्टोबर १९८५ रोजी जॉर्जिया राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील घरून ते आपल्या विमानाने अटलांटाकडे परत निघाले असता, खराब हवामानात फोर्सिथ गावाजवळ विमान कोसळले. ते आणि त्यांच्याबरोबर असलेल्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, दोघेही मृत्यू पावले. त्यांचे वय अवघे ४६ होते. ज्यांच्या खांद्यावर ते उभे होते ते चार्ल्स डॉटर आणि मेसन सोन्स हेही त्याच वर्षी वारले, हा विचित्र योगायोग.

त्यांचे काम थांबले नाही. २८ मार्च १९८६ रोजी, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल यांनी, आणि त्यानंतर लवकरच स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी, माणसाच्या हृदयधमनीत धातूच्या जाळीची बारीक नळी बसवली. विहीर ढासळू नये म्हणून आपण आतून कडी बांधतो ना, तसेच हे. हाच स्टेंट. फुग्यावर मिटवलेला स्टेंट आत न्यायचा, फुगा फुगवला की तो उघडतो, आणि फुगा काढून घेतला तरी तो धमनीला आधार देत तेथेच राहतो. पुढे २००० नंतरच्या दशकात औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले आणि धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पुष्कळ घटले.

आता नववीतील त्या मुलाच्या वडिलांकडे परत येऊ. गुठळी विरघळवणारे औषध हा काही खोटा उपाय नाही. १९८६ मध्ये इटलीत आणि १९८८ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले, की स्ट्रेप्टोकायनेज हे औषध वेळेवर दिल्यास प्राण वाचतात, आणि जोडीला ॲस्पिरिनची साधी गोळी दिल्यास आणखी वाचतात. जिथे अँजिओप्लास्टीची सोय वेळेत मिळणे शक्य नाही, तिथे हे इंजेक्शन लवकरात लवकर घेणे हेच शहाणपण. परंतु ते प्रत्येक वेळी लागू पडतेच असे नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गस्टो या नावाच्या अभ्यासात, त्या वेळच्या अधिक प्रभावी औषधानेही दीड तासाने शंभरापैकी सुमारे ५४ रुग्णांतच रक्त पूर्ववत वाहताना आढळले. गुठळी जुनी व घट्ट झालेली असते, औषध आतपर्यंत पोहोचत नाही. शिवाय गुठळी विरघळली तरी खालचा चरबीचा अडथळा जागेवरच असतो.

इंजेक्शन लागू पडले की नाही, हे कसे कळावे? तासा-दीड तासाने पुन्हा हृदयाचा आलेख काढतात. झटक्यामुळे आलेखातील जी रेघ वर उचलली गेलेली असते, ती निम्म्यानेही खाली आली नाही, किंवा कळ थांबली नाही, तर धमनी बंदच आहे असे डॉक्टर समजतात. अशा वेळी काय करावे यावर पूर्वी दुमत होते. काहींच्या मते तेच औषध पुन्हा द्यावे, काहींच्या मते स्वस्थ राहून औषधोपचार चालू ठेवावेत. २००५ मध्ये ब्रिटनमधील रिॲक्ट नावाच्या अभ्यासाने याचा निकाल लावला. इंजेक्शन निष्फळ ठरलेल्या ४२७ रुग्णांचे तीन गट केले. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयाची तीव्र दुर्बलता यांपैकी काहीही न होता सहा महिने सुखरूप पार पडलेले रुग्ण, तातडीने अँजिओप्लास्टी केलेल्या गटात शंभरात सुमारे ८५ निघाले; बाकीच्या दोन्ही गटांत ते प्रमाण ७० च्या आसपास होते. म्हणून या उपचाराला वाचवणारी अँजिओप्लास्टी असे म्हणतात. त्या घरात जो वाद चाळीस मिनिटे चालला, त्याचे उत्तर विज्ञानाने आधीच देऊन ठेवले होते. फक्त ते त्या घरापर्यंत पोहोचले नव्हते. पोहोचवणे हे आपले काम, शिकलेल्यांचे काम.

म्हणून पालकहो, काही गोष्टी गाठीशी बांधून ठेवा. छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा भरून येणे, दम लागणे, असे झाले तर पित्ताची गोळी घेऊन वाट पाहू नका. स्त्रियांत आणि मधुमेहींत कळ कमी आणि नुसता थकवा, मळमळ जास्त, असेही होते. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. रुग्णाला चालवू नका. इंजेक्शन दिले तरी, आता पुढचा आलेख कधी काढणार आणि सुधारणा झाली का, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. मोठ्या रुग्णालयात हलवा असे त्यांनी सांगितले तर निघा. चर्चा गाडीत करा. पैशाच्या भीतीने थांबू नका. फेब्रुवारी २०१७ पासून सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आहे, आणि महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश आहे. तुमच्या जवळचे कोणते रुग्णालय त्या योजनेत आहे, हे आजच, सारे ठीक असताना, चौकशी करून लिहून ठेवा. आणि तंबाखू, विडी-सिगारेट घरातून हद्दपार करा, कारण त्या धमनीत थर साचवण्याच्या कामी तिच्यासारखी मदतनीस दुसरी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी माझे सांगणे थोडे आहे. ज्याच्या वडिलांना युद्धाने नेले, ज्याचे घर वारंवार हलले, त्या मुलाला परिस्थितीची सबब सांगता आली असती. त्याने सांगितली नाही. प्रयोगशाळा नव्हती तेव्हा त्याने स्वयंपाकघरातील टेबल पुरेसे मानले. एका साध्या रुग्णाचा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला नाही, एका निवृत्त शिक्षकाकडे शिकायला जाण्यात कमीपणा मानला नाही, आणि आपले अपयश जगापासून लपवले नाही.

नववीतील त्या मुलाला मी हे सारे वर्गात सांगितले. तास संपल्यावर तो फळ्यापाशी आला आणि ग्रुंत्सिग हे नाव कसे लिहायचे ते वहीत उतरवून घेऊन गेला. घरी जाऊन तो ते नाव आपल्या वडिलांना दाखवणार होता.